मरेगेच्या सफरीची बांधाबांध

इ. स. १८०२ च्या डिसेंबर महिन्यात मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज नाविक अधिकारी ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्याची मोजणी करीत कार्पेंटेरियाच्या आखातातील बेटांपाशी पोहोचला. तेथील निर्जन भासणाऱ्या वाळूत त्याला काही चमत्कारिक वस्तू आढळल्या: मडक्यांची खापरे, बांबूच्या कामट्यांची जाळी, सुती दोऱ्याने शिवलेली झावळ्यांची टोपी, निळ्या विजारीच्या चिंध्या, एकाच फाळाचा लाकडी नांगर आणि होड्यांची तीन सुकाणी. जवळच कुऱ्हाडीने तोडलेली झाडे होती आणि दगडांच्या चुली मांडलेल्या होत्या. त्या किनाऱ्यावरच्या मूळ रहिवाशांच्या वापरातल्या या वस्तू नव्हत्या. कोणीतरी परके लोक पुरत्या तयारीनिशी येथे येत होते आणि कार्यभाग उरकून परत जात होते, एवढे उघड होते. पण ते लोक कोण, याचा उलगडा होईना. ते चिनी असावेत, असा तर्क फ्लिंडर्सने केला.

हे कोडे १८०३ च्या फेब्रुवारीत सुटले. १७ तारखेला आर्न्हेम लँडच्या ईशान्य टोकाजवळ त्याला सहा गलबते नांगरलेली दिसली. फ्लिंडर्सचा आचारी मलायी होता. तो दुभाषा झाला आणि गलबतांचा वृद्ध प्रमुख पोबासो याच्याशी बोलणे सुरू झाले. हे लोक सुलावेसी बेटावरील मकासार बंदराचे होते. अशी साठ गलबते आणि हजार माणसे त्या मोसमात या किनाऱ्यावर आली असल्याचे पोबासोने सांगितले. तो स्वतः वीस वर्षांत सहा-सात वेळा येऊन गेला होता. आदल्या वर्षी त्यांचे एक गलबत बुडाले होते. फ्लिंडर्सने बेटावर सापडलेले एक सुकाणू पुढे केले, तेव्हा ते त्याच गलबताच्या होडीचे असल्याचे त्या लोकांनी ताबडतोब ओळखले. वाळूतल्या वस्तू कोणाच्या, या प्रश्नाचे उत्तर असे मिळाले. त्या उत्तरात या धंद्याची जोखीमही दिसून आली.

ज्या वस्तूसाठी ही जोखीम पत्करली जात असे, ती म्हणजे त्रेपांग, अर्थात समुद्रकाकडी. उथळ समुद्राच्या तळाशी, वाळूत आणि प्रवाळखडकांच्या आसपास संथपणे सरपटणारा हा मऊ, काकडीच्या आकाराचा प्राणी. मकासारच्या लोकांना त्याची स्वतःला फारशी गरज नव्हती. चीनमध्ये मात्र तो पक्वान्न आणि पौष्टिक म्हणून भारी किमतीला खपे. मकासारचे दर्यावर्दी त्या किनाऱ्याला ‘मरेगे’ म्हणत. तेथवरचे अंतर दीड हजार किलोमीटरांहून अधिक होते.

या सफरीची बांधाबांध समजून घ्यावयाची, तर आधी वारा समजून घ्यावा लागतो. डिसेंबरच्या सुमारास त्या समुद्रात वायव्येचे वारे सुरू होतात. त्यांच्यावर शीड उभारले, की गलबत पंधरवड्याच्या आत मरेगेला लागे. परतीला लागणारे आग्नेयेचे वारे मात्र एप्रिलच्या आसपास वाहू लागत. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राची वाट पाहणाऱ्या कोकण-गोव्याच्या कोळ्यांना ही वाऱ्याची सत्ता वेगळी सांगावयास नको. एकदा निघाल्यावर चार महिने माघार नव्हती. त्या किनाऱ्यावर बाजार नव्हता, लोहार नव्हता, दोर वळणारा नव्हता. मकासारच्या धक्क्यावर जी वस्तू विसरली, ती त्या मोसमापुरती नाहीशीच झाली असे समजावे. म्हणून गलबत भरणे हेच तांडेलाच्या शहाणपणाची पहिली परीक्षा असे.

ही गलबते तीन पायांच्या डोलकाठीची असत आणि त्यांचे शीड चटईप्रमाणे विणलेले असे. फ्लिंडर्सच्या नोंदीप्रमाणे एकेका गलबताचे वजन वाहण्याचे सामर्थ्य सुमारे पंचवीस टनांचे होते आणि त्यावर वीस ते पंचवीस माणसे असत. दिशा दाखवावयास डच बनावटीचे एक लहानसे होकायंत्र. नकाशा नाही, ग्रहताऱ्यांचे गणित नाही. पाणी बांबूच्या पेरांत भरून घेतलेले असे आणि ते एक महिना पुरेल इतके असे. वाट पंधरवड्याची आणि पाणी महिन्याचे, या हिशेबात किती पिढ्यांचा अनुभव साठलेला असेल! शिधा म्हणजे तांदूळ, नारळ आणि सुकी मासळी. प्रमुखांसाठी थोड्या कोंबड्या. दोर काळ्या, चिवट माडधाग्याचे. ज्या माडापासून गोड पाक काढतात त्याचाच हा धागा, असे त्या लोकांनी सांगितले. त्या पाकाला ते ‘गुला’ म्हणत. मराठी माणसाला या शब्दात आपला गूळ सहज ओळखू येईल, कारण दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृत ‘गुड’ हेच आहे.

परंतु गलबतातील खरी जागा धंद्याच्या सामानाला लागे. उथळ पाण्यात शिरण्यासाठी एकाच ओंडक्यातून कोरलेल्या होड्या घेतलेल्या असत. लोखंडाच्या मोठाल्या कढया होत्या. धुरीघर उभारण्यासाठी बांबू, वेत आणि चटया होत्या. किनाऱ्यावर उतरताच दगड रचून चुलाणांची रांग मांडीत आणि तिच्यावर कढया चढवीत. पाणबुडे तीन ते आठ वाव पाण्यात बुडी मारीत. त्रेपांग विपुल असेल तेथे एक माणूस एका बुडीत आठ-दहा घेऊन वर येई. मग प्राणी एका बाजूने चिरावयाचा, उकळावयाचा, दगडांच्या भाराखाली दाबावयाचा, बांबूच्या काड्यांनी ताणून उन्हात वाळवावयाचा आणि शेवटी धुरावर धरावयाचा. पोत्यांत भरल्यानंतरही तो वरचेवर उन्हात घालावा लागे. दमट हवेने सारा माल नासण्याचे भय असे. एक हजार त्रेपांगांचा एक पिकल होई आणि गलबताचा भरणा शंभर पिकलांचा. म्हणजे एका गलबतासाठी एक लाख प्राणी, एकेक करून, हाताने वर काढावयाचे.

मरेगेचा किनारा कोणाच्या मालकीचा नव्हता असे नाही. तेथे योल्ंगू व इतर लोकांची वस्ती होती. म्हणून बांधाबांधीत कापड, तंबाखू, सुऱ्या, कुऱ्हाडी यांनाही स्थान असे. संबंध नेहमीच सलोख्याचे राहिले नाहीत. खुद्द पोबासोच्या गुडघ्याला भाल्याची जखम झालेली होती आणि त्याने फ्लिंडर्सला सावध राहण्याचा इशारा दिला होता. तरीही देवघेव वाढत गेली. काही योल्ंगू माणसे गलबतांबरोबर मकासार पाहून आली. कोरलेली होडी आणि लोखंडी हत्यार हाती आल्यावर त्यांना खोल पाण्यातील कासव आणि समुद्रगाय यांची शिकार अधिक सुकर झाली. शब्दही आले. होडीला ते ‘लिपालिपा’ म्हणू लागले, पैशाला ‘रुपिया’ आणि गोऱ्या माणसाला ‘बालांदा’. यातील ‘रुपिया’ आपल्या रुपयाचा सगोत्र आहे. आणि ‘बालांदा’ हा हॉलंडच्या नावावरून आलेला शब्द मराठीतील ‘वलंदेज’ याचा दूरचा भाऊ शोभतो.

या वार्षिक येरझारीचा शेवट वादळाने केला नाही, कागदाने केला. उत्तरेचा तो प्रदेश त्या काळी साउथ ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीच्या ताब्यात होता. १८८० नंतरच्या दशकात तेथील सरकारने गलबतांवर परवाने आणि जकात लादली आणि १९०६ साली या परदेशी गलबतांना परवाने देणेच बंद केले. १९०६-०७ च्या मोसमात उसिंग डाएंग रांगका या तांडेलाचे गलबत शेवटची खेप करून परतले. त्यानंतर वायव्येचे वारे नेमाने सुटत राहिले, पण क्षितिजावर चटईची शिडे दिसली नाहीत. मकासारमध्ये एका धंद्याचा अंत झाला; आर्न्हेम लँडमध्ये मात्र अनेक घरांचा सोयरा येईनासा झाला. योल्ंगूंच्या गाण्यांत आणि सालींवरील चित्रांत ती गलबते तरीही राहिली. १९८८ साली जुन्या पद्धतीने बांधलेले ‘हाती मरेगे’ हे गलबत मकासारहून त्या किनाऱ्यावर गेले; आज ते डार्विनच्या संग्रहालयात आहे.

आर्न्हेम लँडच्या किनाऱ्यावर चुलाणांच्या दगडी रांगा अजून दिसतात आणि त्यांच्याजवळ चिंचेची झाडे उभी आहेत. चिंच त्या भूमीतली नव्हे. खलाशांनी जेवणाला आंबटपणा आणण्यासाठी ती शिध्यात बांधली होती, आणि जेवण झाल्यावर चिंचोके वाळूत टाकून दिले. कढया, होड्या, बांबू, दोर हे सारे मोजून नेले आणि मोजून परत आणले. पण त्या सफरींची सर्वांत टिकाऊ खूण मात्र कोणीही मोजून न ठेवलेल्या त्या चिंचोक्यांतून उगवली.