कापूस कुजवणारी बुरशी आणि कागद

१/ यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुका कापसाचा. वेचणी संपली की शेतात पऱ्हाटी उरते. ती चुलीत जाते किंवा शेतातच जाळली जाते. तिच्या काडीतही कागदाला चालणारा तंतू असतो. कापूस आणि कागद यांचे नाते मात्र याहून जुने आहे, आणि त्यात एका बुरशीचा वाटा आहे.

२/ लाकडाचा लगदा सर्रास वापरात आला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्यापूर्वी युरोपात कागद होई तो चिंध्यांचा. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातही चिंध्यांपासून हातकागद घडे. युरोपातील कारागीर ओल्या चिंध्यांचे ढीग कुजत ठेवीत. तंतू सैल पडत आणि कुटणे हलके होई. अति कुजल्या तर माल वाया जाई.

३/ हे काम सूक्ष्मजीवांच्या विकरांचे, म्हणजे एन्झाइमांचे, होते. कारागिरांना त्यांचे नाव ठाऊक नव्हते. प्रमाण मात्र अनुभवाने उमगले होते.

४/ दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजू लागले. त्या कापडावरून वेगळी काढलेली बुरशी एल्विन रीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासली. सेल्युलोज तोडणारी विकरे ती मुबलक स्रवते. पुढे रीझ यांच्यावरूनच तिचे नाव पडले : ट्रायकोडर्मा रीसी.

५/ १९८६ मध्ये फिनलंडच्या लीसा वीकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकरांच्या आधारे लगदा विरंजित करण्याची वाट दाखवली. लाकूड शिजवताना झायलन तंतूंवर परत बसते आणि लिग्निनला अडवून धरते. झायलनेज हे विकर झायलन तोडते. मग लिग्निन सहज निघते आणि क्लोरीन कमी लागतो. त्याच दशकात कागद कारखान्यांच्या सांडपाण्यात डायॉक्सिन आढळले होते, म्हणून या शोधाचे मोल मोठे.

६/ सेल्युलेजचा मामला नाजूक. अल्प मात्रेत ते तंतू मऊ करते आणि लगदा कुटण्याची वीज वाचवते. मात्रा वाढली की तंतूच दुबळा होतो. चिंध्यांच्या ढिगाचा जुना धडा इथेही लागू पडतो.

७/ केळापूरच्या पूर्वेस, चंद्रपूर जिल्ह्यात, १९४५ मध्ये बल्लारपूरची कागद गिरणी स्थापन झाली, ती जंगलातील बांबूच्या भरवशावर. शेजारच्या कापूस-शिवारातील काडीला मात्र ते स्थान लाभले नाही. पऱ्हाटी अवजड असते, विखुरलेली असते आणि वर्षातून एकदाच मिळते. वाहतूकच महाग पडते.

८/ ती वेळेत शेताबाहेर गेली, तर गुलाबी बोंडअळीचा आसराही मोडतो. विकरे तंतू सुधारतात. काडी गोळा करून गिरणीपर्यंत नेण्याची व्यवस्था माणसांनाच उभारावी लागते. केळापूरच्या पऱ्हाटीचा प्रश्न प्रयोगशाळेपेक्षा बैलगाडीच्या वाटेवर अधिक अडलेला आहे.