डेप्रिकेट आणि गाऱ्हाणे

सरकारी परिपत्रकांच्या इंग्रजीत ‘डेप्रिकेट’ हे जुन्या वळणाचे क्रियापद अजून अधूनमधून भेटते. अमुक प्रथा ‘डेप्रिकेट’ केली जाते, म्हणजे ती वरिष्ठांना पसंत नाही. बंदी नाही, शिक्षाही नाही. पण त्यातला इशारा कारकुनाला बरोबर कळतो.

शब्द मूळचा लॅटिन. संकट टळावे म्हणून प्रार्थना करणे, हा त्याचा पहिला अर्थ. इंग्रजीत ‘हे होऊ नये’ ही विनवणी हळूहळू ‘हे बरे नव्हे’ अशी नापसंती बनली. पोर्तुगीजमध्ये मात्र विनंती ती विनंतीच राहिली. एका कोर्टाने दुसऱ्या कोर्टाला साक्ष वगैरे नोंदवून देण्याविषयी पाठवायचे विनंतीपत्र, ‘प्रेकातोरिया’, हे याच कुळातले.

सौम्य शब्दांमागचे वजन बघायचे तर इंदूरचा इतिहास बघावा. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांच्या दरबारी ब्रिटिश रेसिडेंट आला. तो हुकूम सोडत नसे, ‘सल्ला’ देई! १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला याचा खून झाला. इंदूर दरबार सोडून आलेली मुमताज बेगम त्याच्यासोबत होती. पकडलेल्या माणसांचे धागेदोरे इंदूरपर्यंत पोचले. सरकारने महाराज तिसरे तुकोजीराव यांच्यावर खटला भरला नाही. चौकशी आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा, एवढेच सुचवले. फेब्रुवारी १९२६ मध्ये महाराजांनी पुत्र यशवंतरावांसाठी गादी सोडली. कागदोपत्री तो त्यांचाच निर्णय.

मग ‘डेप्रिकेट’ला मराठीत काय म्हणावे? ‘निषेध’ फार जहाल, ‘धिक्कार’ त्याहून जहाल. मला आठवतो तो ‘गाऱ्हाणे’ हा शब्द. संस्कृत ‘गर्हण’ म्हणजे निंदा, त्यावरून तो आला. एरवी मराठीत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. पण आमच्या गोव्यात, कोकणात देवाला गाऱ्हाणे घालतात ते इडापीडा टळावी म्हणून. म्हणजे इंग्रजी शब्द प्रार्थनेकडून निंदेकडे गेला आणि आपला निंदेकडून प्रार्थनेकडे आला.

तरीही एकाच्या जागी दुसरा चालणार नाही. गाऱ्हाणे खालून वर जाते, ‘डेप्रिकेट’ वरून खाली येते. त्यामुळे अशा परिपत्रकाचे मराठी करताना ‘पसंत नाही’ एवढे लिहून भागत नाही. ‘असे यापुढे होता कामा नये’ हेही स्पष्ट लिहावे. नाहीतर ज्याच्यासाठी ते लिहिले, त्यालाच त्यातली ताकीद कळायची नाही.