अवकाशविद्या : पदवीच्या आधी आणि पदवीनंतर

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा येथून पहिला शास्त्रीय अग्निबाण आकाशात झेपावला. १४ सप्टेंबर २००७ रोजी त्याच तिरुवनंतपुरमच्या परिसरात भारतीय अवकाश विज्ञान व तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली आणि बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्याला खास अवकाशविद्येसाठी उभारलेल्या संस्थेत पदवी घेण्याची सोय झाली. या दोन तारखांमध्ये जवळजवळ चव्वेचाळीस वर्षांचे अंतर आहे. मधल्या काळात ज्यांनी अग्निबाण उडवले, उपग्रह घडवले, त्यांच्यापैकी कोणापाशीही अशा संस्थेची पदवी नव्हती. मग ते ही विद्या शिकले कोठे? आणि ते जे शिकले, ते सारे आजच्या पदवीत उतरले आहे काय? प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

डॉ. विक्रम साराभाई यांनी १९४७ मध्ये अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा सुरू केली, ती विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी. १९६२ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली अवकाश संशोधनाची राष्ट्रीय समिती नेमली गेली, तेव्हा हाताशी होती ती भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिकी, रसायन अभियांत्रिकी अशा विषयांतील तरुण मंडळी. त्यांत मराठी नावे लक्षणीय आहेत. कोल्हापुरात १९२५ साली जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस विश्वकिरणांचे अभ्यासक होते. साराभाईंच्या बोलावण्यावरून ते अमेरिकेतून परतले आणि थुंब्याच्या जागेच्या शोधापासून या कामात राहिले. प्रमोद काळे यांचे शालेय शिक्षण वडोदऱ्याचे. गुजरात विद्यापीठात इलेक्ट्रॉनिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेत असतानाच ते अहमदाबादच्या प्रयोगशाळेत काम करू लागले आणि पुढे थुंब्याच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झाले. त्याच केंद्राचे संचालकपद त्यांच्या आधी भूषवणारे वसंत गोवारीकर हे रसायन अभियंते. बर्मिंगहॅमला डॉक्टरेट मिळवून त्यांनी येथे घन इंधनाच्या विद्येचा पाया घातला.

या पिढीचे शिक्षण प्रत्यक्ष कामातून झाले, हे आपण नेहमी ऐकतो. मात्र कामातून ते केवळ तंत्र शिकले, असे समजणे अपुरे ठरेल. थुंब्याचेच पाहा. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त त्या गावावरून जाते, हे जागेच्या निवडीचे शास्त्रीय कारण. पण त्या जागेवर कोळ्यांची वस्ती होती, मेरी मॅग्डालीनचे चर्च होते. बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्याशी बोलणी झाली, ग्रामस्थांची संमती मिळाली, वस्ती हलली आणि चर्चच्या वास्तूत अग्निबाण जोडण्याचे काम सुरू झाले. पहिला अग्निबाण अमेरिकेचा होता आणि त्यातील सोडियम बाष्पाची सामग्री फ्रान्सची. २ फेब्रुवारी १९६८ रोजी हे केंद्र संयुक्त राष्ट्रांना अर्पण करण्यात आले. जमीन कोणाची, मदत कोणाची, अटी कोणत्या आणि फळ कोणाला, हे प्रश्न चुंबकीय विषुववृत्ताइतकेच त्या तरुणांच्या रोजच्या कामाचे होते. आज ज्याला आपण अवकाश धोरण म्हणतो, त्याचे धडे ते नकळत गिरवत होते.

या शिक्षणाचे सर्वांत मोठे प्रात्यक्षिक म्हणजे १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात झालेला उपग्रह दूरदर्शनाचा प्रयोग. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला. राजस्थान, बिहार, ओरिसा, मध्य प्रदेश, आंध्र आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाकडून थेट प्रक्षेपण झेलणारे संच बसले. आपल्यापैकी अनेकांची घराणी ज्या राज्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली, त्यांपैकी काही या यादीत आहेत. गुजरातेत अहमदाबाद व वडोदरा यांच्या दरम्यानच्या खेडा जिल्ह्यातही पीज येथील प्रक्षेपकावरून ग्रामीण दूरदर्शनाचे काम उभे राहिले. चिटणीस या प्रयोगाच्या व्यवस्थापनाच्या केंद्रस्थानी होते. वीज नसलेल्या गावात संच चालवायचा कसा, बिघडला तर दुरुस्त कोणी करायचा, हे प्रश्न अभियंत्यांचे. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन यांविषयी कोणत्या भाषेत, कोणाच्या तोंडून बोलायचे, हे प्रश्न समाजशास्त्रज्ञांचे. दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर येत होते. पुढील काळात चिटणीसांनी पुण्यात विद्यापीठीय विद्यार्थ्यांना संज्ञापन शिकवले, यात म्हणूनच आश्चर्य वाटत नाही. शंभरी पूर्ण करून २०२५ मध्ये ते निवर्तले.

तंत्र आणि धोरण वेगळे काढता येत नाहीत, याचा कडू अनुभवही देशाने घेतला. क्रायोजेनिक इंजिनाचे तंत्रज्ञान रशियाकडून मिळवण्याचा करार झाला होता. क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या नियंत्रणाचे कारण पुढे करून अमेरिकेने मे १९९२ मध्ये निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यातून माघार घेतली. मिळाली ती तयार इंजिने. स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनासह जीएसएलव्हीचे यशस्वी उड्डाण झाले, ते जानेवारी २०१४ मध्ये. सुमारे दोन दशकांच्या या विलंबात द्रवरूप हायड्रोजन हाताळण्याची अडचण होतीच. पण त्या अडचणीला वळण दिले ते परराष्ट्रांच्या धोरणाने.

२००७ साली संस्था स्थापन झाली, ती इस्रोला प्रशिक्षित तरुणांची गरज भासू लागली म्हणून. डॉ. अब्दुल कलाम तिचे पहिले कुलपती झाले. आरंभी विक्रम साराभाई केंद्राच्या आवारात वर्ग भरले, २०१० मध्ये वलियमला येथील स्वतःच्या वास्तूत संस्था गेली आणि २०११ मध्ये पहिली तुकडी बाहेर पडली. वांतरिक्ष अभियांत्रिकी, एव्हिऑनिक्स, भौतिकी या शाखांचे येथील शिक्षण कसदार आहे आणि मानव्यविद्येचा विभागही तेथे आहे. पण पदवीचा कणा अभियांत्रिकीचा, हे उघड आहे. अवकाश कायदा व धोरण यांचा सविस्तर अभ्यास करू इच्छिणाऱ्याला बहुधा पदव्युत्तर वाट धरावी लागते; हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात तसा अभ्यासक्रम आहे. म्हणजे थुंब्यात एकाच माणसाने शिकलेल्या दोन गोष्टी आता दोन विद्यापीठांत, दोन वयांत वाटल्या गेल्या.

कोणी म्हणेल, चार वर्षांत गणित आणि प्रवाहगतिकीच पुरी होत नाही, तेथे धोरणाचा भार कशाला? आक्षेप रास्त आहे. विषयांची गर्दी करून विद्वत्ता वाढत नाही. तथापि परिस्थितीच पालटली आहे. पूर्वी पदवीधर इस्रोत जाई आणि धोरण त्याला ज्येष्ठांच्या सहवासात कळे. २०२० मध्ये हे क्षेत्र खासगी उद्योगांना खुले झाले, इन-स्पेस ही परवानगी देणारी संस्था निर्माण झाली आणि २०२३ मध्ये भारतीय अवकाश धोरण जाहीर झाले. १८ नोव्हेंबर २०२२ रोजी हैदराबादच्या स्कायरूट या कंपनीचा विक्रम-एस अग्निबाण श्रीहरिकोट्याहून उडाला. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार खासगी कंपनीच्या कृतीबद्दलही राष्ट्र जबाबदार असते. १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला उपग्रह कॅनडात कोसळला, तेव्हा नुकसानीचा दावा सरकाराने सरकारावर केला आणि १९८१ मध्ये तीस लक्ष कॅनेडियन डॉलरवर तडजोड झाली. लहानशा कंपनीत काम करणाऱ्या तरुण अभियंत्याला हे समजावून सांगणारा चिटणीसांसारखा ज्येष्ठ शेजारच्या टेबलावर असेलच असे नाही. म्हणून ते पदवीतच यायला हवे. त्यासाठी कायद्याचे जाड ग्रंथ नकोत. थुंबा, दूरदर्शनाचा प्रयोग आणि क्रायोजेनिकचा इतिहास हीच तीन प्रकरणे नीट शिकवली तरी पुष्कळ होईल.

आपल्या बृहन्महाराष्ट्रीय घरांतून शिक्षणाची निवड करताना पूर्वजांनी बहुधा राज्यकारभार, वकिली वा अध्यापन यांकडे पाहिले. आज मुलेमुली अवकाशाकडे पाहतात, हे आनंदाचेच आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरल्यानंतर ही ओढ आणखी वाढली असेल. मात्र प्रवेशाच्या वेळी संस्थेचे नाव आणि नोकरीची हमी यांबरोबर आणखी एक गोष्ट विचारावी. यान वर कसे न्यावे हे तेथे शिकवतील. ते कोणासाठी न्यावे, याची चर्चा तेथे होते का? गरीब देशाला अवकाश कशाला हवे, या प्रश्नाला साराभाईंच्या पिढीने खेड्यातील दूरदर्शन संचाने उत्तर दिले. तो प्रश्न नव्या रूपात पुढच्या पिढीलाही विचारला जाईल, आणि त्याचे उत्तर देण्याची तयारी हा त्यांच्या पदवीचाच भाग असला पाहिजे.