दिनविशेष, १२ ऑक्टोबर : माजी पंतप्रधान सूत्रसंचालकाच्या खुर्चीत

१९७९ : ब्रिटनचे माजी पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी आजच्या दिवशी बीबीसी २ वरील ‘फ्रायडे नाइट, सॅटर्डे मॉर्निंग’ या गप्पांच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन केले. या कार्यक्रमात सूत्रसंचालक आलटून पालटून येत. विल्सन यांच्या वाट्याला लागोपाठ दोन शुक्रवार आले.

मजूर पक्षाच्या या नेत्याने चार सार्वत्रिक निवडणुका जिंकल्या होत्या. १९६४ ते १९७० आणि १९७४ ते १९७६ असे दोनदा ते पंतप्रधान होते. दूरचित्रवाणीची ताकद त्यांनी लवकर ओळखली. मुलाखतीत अडचणीचा प्रश्न आला की ते सावकाश पाइप पेटवत. तेवढ्यात उत्तर जुळवायला उसंत मिळे.

यजमानाच्या खुर्चीत मात्र ही हातोटी उपयोगी पडली नाही. तिथे प्रश्न त्यांनीच विचारायचे होते, पाहुण्याला बोलते करायचे होते. संवाद अडखळला, मध्येच अवघडलेली शांतता पसरली. २००० साली ‘चॅनल ४’ने दूरचित्रवाणीवरील १०० फसलेल्या प्रसंगांत या सूत्रसंचालनाची गणना केली.

पुढे विल्सन यांना अल्झायमर्सने ग्रासले. २४ मे १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. एका फसलेल्या प्रयोगावरून त्यांचे मोजमाप करणे अन्यायाचे ठरेल. नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठी त्यांनी पाठपुरावा करून उभे केलेले मुक्त विद्यापीठ आजही सुरू आहे. तीच त्यांची खरी ओळख.