कारवान कुत्रा: एकाच जातीत उंची कमी-जास्त का असते?

कारवान हा दख्खनच्या पठारावरचा देशी शिकारी कुत्रा आहे. वासापेक्षा नजरेवर भिस्त ठेवणारा आणि सावज दिसले की वेगाने पाठलाग करणारा, अशी त्याची ओळख. महाराष्ट्रात त्याला 'कारवान' किंवा 'कारवानी' म्हणतात, उत्तर कर्नाटकात 'मुधोळ'. कान, पाय आणि शेपटीवर लांब केस असतील तर तोच 'पश्मी' होतो. लांब निमुळते तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि लांब पाय ही त्याची ठेवण.

पिल्लांच्या विक्रीचे व्हिडिओ पाहिले तर त्यात एकच गोष्ट ठळकपणे सांगितलेली असते: बापाची उंची. सेनगाव किंवा कळमनुरीच्या एखाद्या शेतकऱ्याने असा व्हिडिओ पाहून एकाच वेतातली दोन पिल्ले आणली आणि दीड वर्षाने एक पिल्लू दुसऱ्यापेक्षा चार बोटे बुटके निघाले, तर पहिली शंका फसवणुकीची येते. ती कधी कधी खरीही असते. पण एकाच आईबापाची शुद्ध पिल्लेसुद्धा उंचीने वेगळी निघू शकतात. उलट, सगळ्यांत उंच कुत्रा सगळ्यांत शुद्ध असेलच असे नाही.

जात कुठून आली?

व्यापारी आणि सैन्याच्या काफिल्यांबरोबर मध्य व पश्चिम आशियातून आलेल्या साळुकी, ताझी यांसारख्या कुत्र्यांशी कारवानचे नाते जोडले जाते. 'कारवान' हे नावही काफिल्यावरूनच आले असे मानतात. सध्याच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कुत्र्यांची निवडून पैदास केली. त्यांनी एक जोडी इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांना भेट दिली होती.

९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने चार भारतीय श्वानजातींवर तिकिटे काढली. त्यात मुधोळ होता. २०१६ मध्ये लष्कराने मुधोळची पिल्ले प्रशिक्षणासाठी मेरठच्या केंद्रात नेली. २०२४ मध्ये लखनौला झालेल्या अखिल भारतीय पोलीस कर्तव्य मेळाव्यात सीमा सुरक्षा दलाची 'रिया' ही मुधोळ कुत्री माग काढण्याच्या स्पर्धेत पहिली आली आणि मेळाव्यातील सर्वोत्तम श्वानही ठरली.

ठरलेली उंची किती?

कारवान नराची उंची साधारण ६८ ते ७२ सेंटिमीटर आणि मादीची ६४ ते ६८ सेंटिमीटर धरली जाते. म्हणजे २५ इंचांची मादी आणि २८ इंचांचा नर, दोन्ही जातीच्या मापात बसतात. उंची मोजताना कुत्रा सपाट जमिनीवर चारही पायांवर सरळ उभा असावा लागतो आणि माप जमिनीपासून खांद्याच्या सर्वांत वरच्या टोकापर्यंत घेतात. डोक्यापर्यंत मोजले की कुत्रा कागदावर सहज वीतभर वाढतो. जाहिरातीतले माप कुठून कुठपर्यंत घेतले, हे म्हणूनच विचारावे.

एकाच वेतात फरक कसा पडतो?

कुत्र्याची उंची एका जनुकावर ठरत नाही. २००७ मध्ये संशोधकांनी आयजीएफ-१ या जनुकातील एका बदलाचा लहान आकाराच्या जातींशी संबंध दाखवून दिला. त्यानंतर आकारावर परिणाम करणारी आणखी बरीच जनुके सापडली. प्रत्येक पिल्लाला आईकडून अर्धी आणि बापाकडून अर्धी जनुके मिळतात, पण कोणती अर्धी हे दर पिल्लागणिक बदलते. त्यामुळे सख्ख्या भावंडांतही दोन-तीन इंचांचा फरक पडू शकतो.

अपवादाने फार उंच निघालेल्या बापाची पिल्ले सरासरी पाहता बापापेक्षा बुटकी भरतात, कारण त्याची उंची जुळवून आणणारा जनुकांचा मेळ पुढच्या पिढीत जसाच्या तसा उतरत नाही. पिल्लांचा अंदाज घ्यायचा तर एकट्या बापापेक्षा आई, आजा-आजी आणि आधीच्या वेतातली मोठी झालेली भावंडे पाहणे जास्त उपयोगाचे.

जनुकांनंतर येतो तो सांभाळ. पोटात जंत झालेले किंवा दूध तुटल्यावर नुसत्या भाकरीवर वाढलेले पिल्लू आपल्या पूर्ण उंचीला पोहोचत नाही. जंताचे औषध पिल्लू दोन आठवड्यांचे झाल्यापासून पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सुरू करतात. उंची वाढावी म्हणून भरमसाट खुराक आणि कॅल्शियम देणेही घातक आहे. वाढत्या वयात हाडे आणि सांधे त्यामुळे बिघडतात.

पश्मी पिल्लू निघाले म्हणजे भेसळ?

तसे नाही. लांब केसांचा गुण बहुधा झाकलेला राहतो. आईबाप दोघेही आखूड केसांचे असले, तरी दोघांनी तो गुण लपवून वाहिलेला असेल तर एखादे पिल्लू पश्मी निघू शकते. अशा पिल्लाला भेसळीचे म्हणून टाकून देणे चूक ठरते.

स्प्रिंगर स्पॅनियलचा धडा

रक्तरेषा कशी फुटते, हे इंग्लंडच्या स्प्रिंगर स्पॅनियलमध्ये स्पष्ट दिसते. झुडपातून पक्षी उठवणारा हा शिकारी कुत्रा. पूर्वी एकाच वेतातली मोठी पिल्ले 'स्प्रिंगर' म्हणवली जात आणि लहान पिल्ले 'कॉकर'. १९०२ मध्ये केनेल क्लबने इंग्लिश स्प्रिंगरला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. म्हणजे सुरुवातीला दोन जातींमधली रेघ मुख्यतः आकारावर आणि कामावर ओढलेली होती.

पुढे स्प्रिंगरमध्येच दोन धारा पडल्या. प्रदर्शनातल्या रेषेत दिसण्यावर निवड झाली. कुत्रे उंच, भारदस्त आणि लांब केसांचे झाले. शिकारीच्या रेषेत काम पाहून निवड झाली. तिथले कुत्रे सहसा लहान, हलके आणि चपळ राहिले, आणि त्यांच्या उंचीतही बराच फरक राहिला, कारण कामाच्या स्पर्धेत पट्टी लावून कोणी गुण देत नाही. दोन्हींच्या कागदावर जात एकच, पण पाहणाऱ्याला ते दोन वेगळे कुत्रे वाटावेत.

कारवानपुढचा प्रश्न

कारवानची पारख पिढ्यानपिढ्या माळावर झाली. जो धावला, दमला नाही, जखमेतून सावरला आणि मालकाच्या हाकेला परतला, त्याची पिल्ले लोकांनी मागून नेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते काम संपले. सशावर, हरणावर किंवा मोरावर कुत्रा सोडणे आज गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या शेतात का असेना. आता या कुत्र्याकडे उरली आहे ती शेताची आणि घराची राखण.

जुने काम गेले आणि जुनी पारखही गेली. तिची जागा उंचीने आणि फोटोने घेतली. उंची आणि वेग झटपट वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे ग्रेहाउंडशी संकर. ग्रेहाउंड नर ७१ ते ७६ सेंटिमीटरपर्यंत उंच असतो. पहिल्या पिढीची संकरित पिल्ले अनेकदा सारखी, उंच आणि धडधाकट दिसतात, म्हणून ती 'अस्सल' म्हणून खपतात. त्या पिल्लांची आपसात पैदास झाली की पुढच्या वेतात उंची, हाडाची जाडी आणि स्वभाव सगळेच पांगते. दोन पिढ्यांनी कारवान कोणता आणि संकर कोणता, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

दुसरा धोका उलट बाजूचा आहे. पंचक्रोशीत एकच नामांकित नर असला की सगळ्या माद्या त्याच्याकडे नेल्या जातात. काही वर्षांत आसपासची सगळी कुत्री एकमेकांची नातलग होतात. सख्ख्या बहीण-भावाच्या किंवा बाप-लेकीच्या पिल्लांत अंतःप्रजननाचे प्रमाण २५ टक्के येते, सावत्र भावंडांच्या पिल्लांत १२.५ टक्के आणि चुलत-मावस भावंडांच्या पिल्लांत ६.२५ टक्के. हे आकडे पिढ्यानपिढ्या साचत जातात. वेतात पिल्ले कमी होणे, जन्मतः अशक्त पिल्ले आणि माद्या न फळणे ही त्याची नेहमीची लक्षणे.

पिल्लू घेताना काय पाहावे?

• आई प्रत्यक्ष पाहावी. आई दाखवायला टाळाटाळ होत असेल तर व्यवहार थांबवावा.

• बाप आणि आई एकमेकांचे कोण लागतात, हे विचारावे. आजा-आजीपर्यंतची नावे आणि गावे सांगता आली तर उत्तम.

• आधीच्या वेतातली, दीड-दोन वर्षांची झालेली पिल्ले कुठे आहेत ते विचारून ती पाहावीत. पुढच्या उंचीचा आणि स्वभावाचा तोच खरा अंदाज.

• पिल्लू आठ आठवड्यांपेक्षा लहान नसावे. श्वानपैदास व विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार त्याआधी पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे.

• जंताचे औषध आणि लसी कधी दिल्या त्याची नोंद मागावी. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात देतात.

• कुत्र्यावर शस्त्रक्रिया करायची वेळ आली, तर तो नजरेने शिकार करणाऱ्या जातीचा आहे हे पशुवैद्यकाला आधी सांगावे. अंगावर चरबी कमी असल्याने भुलीची काही औषधे अशा कुत्र्यांना जड जातात.

एक वही पुरेशी आहे

वंश टिकवायला मोठी संस्था लागतेच असे नाही. कोणती मादी, कोणता नर, वेताची तारीख, पिल्ले किती, कुठल्या गावी गेली आणि दीड वर्षाने त्यांची उंची किती भरली, एवढी नोंद एका वहीत ठेवली तरी पुढच्या पैदाशीला आधार मिळतो. हिंगोली, नांदेड, परभणी अशा शेजारच्या जिल्ह्यांतील पाळणाऱ्यांनी या वह्या एकमेकांना दाखवल्या, तर नात्याबाहेरचा नर शोधणे सोपे होईल आणि ग्रेहाउंडकडे वळण्याची गरज उरणार नाही.

२६ इंचांचा निरोगी, हाकेला परतणारा आणि चार पिढ्यांची माहिती असलेला नर जातीसाठी ३० इंचांच्या बेनाव नरापेक्षा मोलाचा आहे. पट्टी घेऊन फक्त उंची कळते, कुत्रा कुणाचा हे वहीतूनच कळते.