गुंगीतील एंडोस्कोपी : स्लीप ॲप्नियाच्या रुग्णांतील ऑक्सिजनची घट कशी टाळावी

गुंगीचे औषध देऊन केलेली एंडोस्कोपी, म्हणजेच पचनमार्गाची दुर्बीण-तपासणी, बहुतांश रुग्णांसाठी सुरक्षित असते. मात्र स्लीप ॲप्निया, अर्थात झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा विकार असलेल्यांच्या रक्तातील ऑक्सिजन या वेळी झपाट्याने घटू शकतो.

कारण : झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग अरुंद होतो. नैसर्गिक झोपेत मेंदू क्षणभर जाग आणून श्वास पूर्ववत करतो. प्रोपोफॉल, मिडाझोलाम यांसारखी औषधे स्नायू शिथिल करतात आणि ही जागही दडपतात. जठराच्या तपासणीत दुर्बीणही त्याच घशातून जाते.

निदानातील अडचण : अनेकांना आपला विकार ठाऊकच नसतो. जबलपूरमधील खमरिया आयुध निर्माणीसारख्या औद्योगिक वसाहतींत दिवसा येणारी झोप रात्रपाळीच्या थकव्यामुळे येते, असे सहज मानले जाण्याची शक्यता असते. तपासणीपूर्वी ही बाब डॉक्टरांच्या कानावर घालणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

तपासणीपूर्वी : टोरंटो येथे विकसित झालेली आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘स्टॉप-बँग’ प्रश्नावली येथे उपयोगी पडते. घोरणे, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबल्याचे इतरांनी पाहणे, उच्च रक्तदाब, लठ्ठपणा, ५० वर्षांवरील वय, मानेचा मोठा घेर आणि पुरुष असणे, असे तिचे ८ निकष आहेत. ३ किंवा अधिक निकष लागू झाल्यास विकाराचा संशय घेतला जातो. ५ किंवा अधिक असल्यास धोका मोठा मानतात. सीपॅप यंत्र वापरणाऱ्यांनी ते सोबत न्यावे.

तपासणीदरम्यान : बोटावरील पल्स ऑक्सिमीटरचे प्रमाण ९० टक्क्यांखाली जाणे धोक्याचे असते. परंतु नळीने ऑक्सिजन सुरू असताना श्वास थांबल्यानंतर काही वेळाने हा आकडा घसरतो. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारी कॅप्नोग्राफी श्वासातील खंड तत्पूर्वीच दाखवते. आवश्यक तेवढीच गुंगी, डोक्याकडील भाग उंच ठेवणे, गरज पडताच जबडा पुढे उचलणे आणि गुंगीवर लक्ष ठेवण्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षित व्यक्ती किंवा भूलतज्ज्ञ असणे, हे मुख्य उपाय होत. नाकावाटे मोठ्या प्रवाहाने, मिनिटाला ६० लिटरपर्यंत, उबदार व दमट ऑक्सिजन देण्याची पद्धतही उपलब्ध आहे. चीनमध्ये सुमारे २ हजार रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या नळीने ऑक्सिजन दिलेल्या गटात ८.४ टक्के रुग्णांचा ऑक्सिजन घटला. मोठ्या प्रवाहाच्या गटात एकाचाही घटला नाही.

तपासणीनंतर : पूर्ण जाग येईपर्यंत रुग्णाला कुशीवर किंवा अर्धवट बसते ठेवून निरीक्षणाखाली ठेवावे. त्या दिवशी वाहन चालवू नये, मद्य व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात आणि रात्री सीपॅप नेहमीप्रमाणे लावावा. घोरण्याची तक्रार क्षुल्लक वाटली, तरी गुंगी देण्यापूर्वी डॉक्टरांना ती सांगणे, हा खबरदारीचा सर्वांत सोपा उपाय आहे.