शिखरावर नेलेले इंजिन : पाइक्स पीक, १९१८

पहिल्या महायुद्धात विमाने जसजशी उंच चढू लागली, तसतशी जमिनीवर जोमाने चालणारी इंजिने वर गेल्यावर धापा टाकू लागली. हवा विरळ, म्हणून सिलिंडरमध्ये शिरणारा प्राणवायू कमी. म्हणून जळणारे इंधनही कमी. ज्याचे इंजिन आधी थकले, तो शत्रूच्या खाली सापडला.

जनरल इलेक्ट्रिकचे अभियंते सॅनफर्ड मॉस यांनी यावर टर्बाइनचा उपाय हाती घेतला. बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंनी चाक फिरवायचे आणि त्याच चाकाच्या बळावर हवा दाबून इंजिनात भरायची. कल्पना नवी नव्हती. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. फ्रान्समध्ये ऑग्यूस्त रातो त्याच वाटेने चालले होते. उणीव होती ती पुराव्याची. शक्ती मोजणारे अवजड डायनॅमोमीटर आकाशात नेणे अशक्य. मग ते डोंगरावर का नेऊ नये?

१९१८ मध्ये लिबर्टी इंजिन ट्रकवर चढवून कोलोराडोतील पाइक्स पीकच्या माथ्यावर, सुमारे १४,१०० फुटांवर, नेण्यात आले. डेटन येथे ३५० अश्वशक्ती देणारे हे इंजिन शिखरावर टर्बोविना २३० वर उतरले. टर्बो जोडताच आकडा ३५६ झाला.

या तीन आकड्यांतच एक सापळा दडलेला आहे, आणि उंचावरील शहरांतले डायनोवाले आजही त्यात सापडतात. साध्या इंजिनाची शिखरावरील शक्ती समुद्रसपाटीच्या हिशेबात आणायची, तर तिला सुमारे १.५२ ने गुणावे लागते. तोच गुणक टर्बोच्या ३५६ ला लावला, तर उत्तर येते ५४१! अशी शक्ती त्या इंजिनात कधीच नव्हती. हवेची तूट टर्बोने आधीच भरून काढलेली असते. कागदावर ती पुन्हा भरणे म्हणजे एकाच कर्जाची वसुली दोनदा करणे. अर्थात प्रत्येक टर्बो सगळी तूट भरतोच असे नाही. भोवतालच्या हवेपेक्षा ठरावीक मात्रेनेच दाब वाढवणाऱ्या टर्बोची शक्ती उंचीवर घटते, मात्र साध्या इंजिनाइतकी नाही. त्यामुळे सर्वांना लागू पडेल असा एकच गुणक संभवत नाही.

युद्ध संपले तरी प्रयोग थांबले नाहीत. २७ फेब्रुवारी १९२० रोजी मेजर रुडॉल्फ श्रोडर यांनी टर्बो बसवलेले ल पेर विमान ३३,००० फुटांपलीकडे नेले. तिथे इंजिन चालत होते. प्राणवायू संपला तो श्रोडर यांचा. ते बेशुद्ध झाले, विमान कित्येक मैल खाली कोसळत गेले. जमीन जवळ आल्यावर त्यांना शुद्ध आली आणि थंडीने गोठलेल्या डोळ्यांनी त्यांनी ते सुखरूप उतरवले.